आज काही केलं नाही

खानदेशात रात्री स्वयंपाक होत नाही. हे वाक्य वाचून पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी एकदम हळहळू नये. जळगाव-धुळ्याची माणसं रात्री उपाशी झोपतात असा त्याचा अर्थ नाही. उलट, जेवून उठणाऱ्या खानदेशी माणसाला उठताना जमिनीचा नाहीतर भिंतीचा आधार घ्यावा लागतो. पण संध्याकाळी सातच्या सुमारास कुठल्याही आळीत जा आणि कुठल्याही बाईला विचारा, "काय वहिनी, काय केलं आज?" उत्तर ठरलेलं. "काही केलं नाही हो आज. नुसती खिचडी टाकली." धुळ्याच्या बाजूला अहिराणीत विचारलंत तर, "काही नही वं माय, खिचडी टाकी दिधी." सोमवारी विचारा, मंगळवारी विचारा, महिनाभर विचारत राहा, दर वेळी उत्तरात तो 'आज' असतोच. जणू कालपर्यंत या घरात पंचपक्वान्नं उठत होती आणि आजच काय तो खंड पडला!

आता हे 'काही न केलेलं' म्हणजे काय असतं ते सांगतो. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी तुरीची डाळ. तुरीचीच. मुगाची खिचडी आमच्याकडे तापातून उठलेल्या माणसाला देतात, आणि ती खाऊन तो पुन्हा आडवा होतो असा आमचा समज आहे. पातेल्यात तेल, मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, मूठभर शेंगदाणे, लाल मिरच्यांचे तुकडे, हळद, काळा मसाला. त्यावर धुतलेले डाळ-तांदूळ परतायचे आणि पाणी ओतायचं. पाणी किती, हे विचारायचं नाही. खिचडी सैलसर झाली, की ताटात तिचा डोंगर करायचा, डोंगराच्या माथ्यावर बोटांनी खळगा करायचा आणि त्या खळग्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल ओतायचं. शेजारी निखाऱ्यावर भाजलेला उडदाचा पापड, लोणच्याची फोड, बुक्कीनं फोडलेला कांदा. हिवाळ्यात कढी. काही घरांत फोडणी आत घालत नाहीत. खिचडी साधी शिजवतात आणि लसूण-मिरचीची फोडणी कढल्यात वेगळी करून चरचरत वरून घेतात. या दोन पंथांत सोयरिकी होतात, पण एकमत होत नाही.

आमचं घर कच्च्या तेलाच्या पंथातलं. आमची सौभाग्यवती मात्र सदाशिव पेठेतली. लग्नानंतर मी तिला प्रथम चोपड्याला मावशीकडे घेऊन गेलो. मावशीनं मोठ्या प्रेमानं सूनबाईच्या ताटात खिचडी वाढली, खळगा केला आणि तेलाची कासंडी उचलली. सूनबाईनं दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "तेल? कच्चं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात, आपल्याला या घरात का दिलं याचा हिशेब चालू होता. "तूप नाही का?" मावशीला प्रश्न कळेना. "आहे की! पण तूप पुरणपोळीवर. खिचडीवर तूप कोण घेतं?" त्या रात्री माझ्या बायकोनं खिचडी कोरडी खाल्ली आणि परतीच्या एस.टी.त चोपड्यापासून पुण्यापर्यंत तेल या विषयावर बोलली.

तिला उत्तर द्यावं म्हणून मी इतिहासाकडे वळलो. नवऱ्यानं बायकोशी वाद घालायचा तर वर्तमानकाळ त्याच्या बाजूनं क्वचितच असतो, भूतकाळात मात्र शोधलं की काहीतरी सापडतं. मला चक्क इब्न बतूता सापडला.

हा मोरोक्कोतला गृहस्थ. दिल्लीच्या महंमद तुघलकानं १३४२ साली त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं. जाता जाता तो दौलताबादहून खंबायतेकडे निघाला, आणि वाटेत त्याला नंदुरबार लागलं. नंदुरबार म्हणजे खास खानदेश; १९९८ पर्यंत तर ते धुळे जिल्ह्यातच होतं. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल त्यानं नोंद करून ठेवली आहे. हे लोक कसबी आहेत, वैद्यकी आणि ज्योतिष जाणणारे आहेत, आंघोळ केल्याशिवाय जेवत नाहीत, आणि यांचं जेवण म्हणजे भात, भाजीपाला आणि तिळाचं तेल. हे वाक्य मी बायकोला तीनदा वाचून दाखवलं. भात आणि तेल! साडेसहाशे वर्षांहून जुना पुरावा, तोही परदेशी साक्षीदाराचा. त्या यादीत तूप नाही.

"तिळाचं," ती म्हणाली. "शेंगदाण्याचं नाही."

हे बरोबर होतं. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो आपल्याकडे यायला अजून कित्येक पिढ्या होत्या. आणि नुसता शेंगदाणाच का? मिरचीसुद्धा तिकडचीच, पोर्तुगीजांनी आणलेली, आणि पोर्तुगीज आले १४९८ ला. म्हणजे ज्या नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात आज नवखा माणूस शिंकत शिरतो आणि रडत बाहेर पडतो, त्याच नंदुरबारात इब्न बतूताला औषधालासुद्धा एक मिरची मिळाली नसती! मिरचीशिवायचा खानदेशी माणूस कसा वागत असेल, मला कल्पना करवत नाही. वैद्यकी-ज्योतिष वगैरे शांत उद्योग त्याला जमत होते, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

इब्न बतूतानं खिचडीचाही उल्लेख केला आहे. मूग-तांदूळ एकत्र शिजवून हिंदुस्थानातले लोक तूप घालून रोज सकाळी खातात, असा. हा उतारा मी बायकोला वाचून दाखवणार नव्हतो, पण पुस्तक तिच्या हाती लागलं. तूप सापडलं म्हणून ती खूश झाली आणि वर विचारलं, "तो सकाळी खातात म्हणतो. मग तुम्ही रात्री का?"

यासाठी मला आणखी पावणेतीनशे वर्षं पुढे यावं लागलं. पेल्सार्ट नावाचा डच व्यापारी आग्र्याला होता. त्यानं १६२६ च्या सुमारास तिथल्या मजुरांचं जे वर्णन केलं आहे, ते वाचताना माझी थट्टा जरा आवरली. तो म्हणतो, की या लोकांना रोजचं तेच ते जेवण, थोडी खिचडी. डाळ-तांदूळ पाण्यात घालून थोड्याशा जाळावर पाणी आटेपर्यंत शिजवतात आणि संध्याकाळी लोण्याशी गरम गरम खातात. दिवसभर म्हणाल तर भाजलेले दाणे तोंडात टाकून भागवतात. म्हणजे वेळ ठरली ती आवडीनं नव्हे. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या कामात जातो त्याची चूल संध्याकाळीच पेटते, आणि पेटली की लवकर काय होईल तेच तिच्यावर चढतं.

राजेमहाराजांची खिचडी वेगळी. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातल्या खिचडीचं प्रमाणच दिलं आहे. तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर आणि तूपही पाच शेर. मीठ तेवढं शेराचा तिसरा हिस्सा. पाच शेर तांदळाला पाच शेर तूप! ही खिचडी नव्हे, हे तुपाचं तांदळाशी लावलेलं लग्न. या अबुल फजलबद्दल पुढच्या एका ग्रंथात लिहिलं आहे, की तो रोज बावीस शेर अन्न खाई, पाणी वेगळं. हा मनुष्य आमच्या मुलखात आला होता बरं का! फारुकी सुलतानांचं राज्य अकबरानं खालसा केलं, १६०१ च्या जानेवारीत बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड पडला, तेव्हा अबुल फजल त्या मोहिमेत होता. खानदेशाबद्दल तो लिहितो, की इथे ज्वारी मुख्य, काही ठिकाणी वर्षातून तीनदा पिकते आणि तिचं ताट इतकं गोड, की लोक फळासारखं खातात. तांदूळही उत्तम असल्याचं लिहितो. असीरगडाच्या वेढ्यात त्याला खानदेशी ठेचा कुणी वाढला की नाही, ते त्यानं लिहिलेलं नाही. तसा त्याचा मृत्यू १६०२ साली खुनात झाला, ठेच्याचा त्यात काही संबंध नाही.

तांदळाचं म्हणाल, तर ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाताना नवापुरावरून गेला, आणि हिरे बघायला आलेला माणूस तिथला तांदूळ बघून खुळावला. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजला की बर्फासारखा पांढरा, वास कस्तुरीचा, आणि हिंदुस्थानातले सगळे अमीर-उमराव हाच खातात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. इराणात कुणाला खूश करायचं तर या तांदळाचं पोतं भेट द्यायचं. पुढे नंदुरबार, थाळनेर करत तो चोपड्यावरूनही गेला. मावशीच्या गावावरून न जेवता गेलेला माणूस तेवढाच असावा.

आता या सगळ्या मंडळींच्या लिखाणात एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. बतूतानं तेल लिहिलं, ताव्हेर्नियेनं वास लिहिला, अबुल फजलनं शेर-सव्वाशेराचा हिशेब लिहिला. शिजवलं कुणी, हे एकानंही विचारलं नाही. आणि विचारलं असतं, तर त्या बाईनं चुलीपुढून मान वर न करता सांगितलं असतं, "काही केलं नाही हो आज."

नवापूरचा कस्तुरीच्या वासाचा तांदूळ उमरावांनी खाल्ला. नवापूरच्या बाईनं तो कांडला आणि स्वतः ज्वारी खाल्ली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कारण माझ्या आजीच्या लहानपणीसुद्धा तांदूळ ही पाहुण्यांची आणि सणाची वस्तू होती. एरवी दादर ज्वारीची भाकरी, नाहीतर ज्वारीत उडीद घालून दळलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा. थंडीत खिचडी व्हायची ती बाजरीची. या बाजरीच्या खिचडीला कुणी नाक मुरडू नये. जहांगीर बादशहानं १६१८ च्या सुमारास गुजरातेत ती खाल्ली आणि त्याला ती इतकी आवडली, की गोश्त न खाण्याच्या दिवशी आपल्याला हीच वाढत जा असा हुकूम केला. आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला कांडावी नव्हती लागत." बाजरी ओलवून, उखळात कांडून, पाखडून, मग तिची खिचडी होते. दीड तास हातात मुसळ असलं की आवडीनिवडी जरा कमी होतात.

मग ही तुरीची, भाताची, वीस मिनिटांत होणारी खिचडी घरोघरी रोजची कधी झाली? याला कागदोपत्री पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही. माझं आपलं मत असं, की आमच्या रात्रीच्या जेवणाचं मूळ अमेरिकेत आहे. हसू नका. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि साहेबाची नजर खानदेशातल्या काळ्या जमिनीवर गेली. भाव चढले. त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वे आमच्या मुलखात शिरली. जळगाव म्हणजे तोवर एक साधं गाव, ते कापसाची पेठ होऊन बसलं. १९०६ साली सरकारनं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले तेव्हा पूर्व खानदेशाचं ठाणं त्यालाच मिळालं. हे सगळं शाळेत शिकवतात. कापूस वेचतं कोण, हे शिकवत नाहीत. वेचणी बायकांच्या हातची. दसऱ्यानंतर सुरू होते, आणि बोंडं फुटत राहतात तशी दोन-तीन महिने चालते. सकाळी भाकरी बांधून निघायचं, दिवसभर कमरेला ओटी बांधून वाकायचं, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं ओरबाडून घ्यायची, आणि दिवे लागताना घरी. त्या बोटांनी रात्री पुन्हा भाकरी थापायची? पीठ मळताना मीठ-पाणी त्या ओरखड्यांत शिरतं. खिचडीला हात लागतो तो फक्त डाळ-तांदूळ धुण्यापुरता.

आणि जळण? तेही कापसाचंच. वेचणी संपली की शेतात पऱ्हाट्या उरतात. पऱ्हाटीचा जाळ म्हणजे तापट माणसाचा राग, भडकन पेटतो आणि लगेच बसतो. भाकरीला एकसारखी आच लागते, दहा भाकऱ्या होईस्तोवर कुणीतरी चुलीपुढे बसून काड्या सारत राहावं लागतं. खिचडीला एक उकळी द्या, झाकण ठेवा, खाली निखारे राहू द्या. ती आपली आपण मुरते, आणि तेवढ्यात त्याच निखाऱ्यांवर पापड भाजून होतात. ज्या पिकानं बाईची संध्याकाळ खाल्ली, त्याच पिकानं तिला संध्याकाळपुरतं सरपण दिलं. पुढे स्टोव्ह आला, मग गॅस आला, कुकर आला आणि तीन शिट्ट्यांचं माप आलं. जळगावात डाळीच्या गिरण्या उभ्या राहिल्या, घरची जाती भिंतीला टेकली. पण चुलीनं घालून दिलेला नेम मोडला नाही.

एक वर्ष मात्र मोडला. १९७२ चा दुष्काळ. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. रेशनवर परदेशातली लाल ज्वारी मिळायची, 'मिलो' म्हणायचे तिला. तिची भाकरी थापताना फाटायची, तव्यावर कडक व्हायची आणि तोंडात फिरत राहायची. डाळ महाग, तांदूळ दिसेना. आई रोज रात्री त्या मिलोचं काही ना काही करून बघायची. कधी भाकरी, कधी कण्या, कधी ताकातली आंबील. रोज नवा पदार्थ! त्या वर्षी "काय केलं आज?" असं कुणी विचारलं, की आई खरोखरीच सांगायची, काय काय केलं ते. 'आज काही केलं नाही' हे म्हणायलासुद्धा घरात दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी डाळ असावी लागते, हे तेव्हा आम्हा पोरांच्या लक्षात आलं नाही. पुढे पाऊस झाला. एके रात्री शाळेतून उशिरा घरी आलो तर दारातच लसणाच्या फोडणीचा वास. आई म्हणाली, "हात धू. नुसती खिचडी टाकलीय." त्या 'नुसती'त तिनं जो सूर लावला होता, तो पुढे मोठमोठ्या गवयांनाही लागलेला मी ऐकला नाही.

शिवाय 'काही केलं नाही' हे विधान हिशेबालाही टिकत नाही. त्या ताटातला पापड चैत्रात लाटलेला. उडदाचं पीठ कुटून कुटून, आळीतल्या आठ-दहा जणींनी मिळून. लोणचं ज्येष्ठातलं. काळा मसाला उन्हात वाळवून, भाजून, डोळ्यांतून पाणी काढत कांडलेला. बिबडे वाढले असतील तर त्यामागे दोन-तीन दिवस भिजवलेली ज्वारी, पहाटे चार वाजता शिजवलेला घाटा आणि गच्चीवर कावळ्यांवर नजर ठेवायला बसवलेलं एखादं पोर; आमच्या घरी ते पोर मी. वर्षभराची मेहनत बरण्यांतून आणि डब्यांतून दडवून ठेवायची, आणि रात्री वीस मिनिटांत ताट वाढून म्हणायचं, काही केलं नाही!

अलीकडे पदार्थांनाही सरकारदरबारी मान मिळू लागला आहे. आमच्या भरिताच्या वांग्याला आणि केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. बामणोदचं हिरवट पांढरं वांगं काड्यांवर भाजून, बडगीत ठेचून केलेलं भरीत ज्यानं खाल्लं, त्याला मानांकनाची गरज नाही, पण असू द्यावं. शेवभाजी तर हॉटेलांच्या पाट्यांवर जाऊन बसली. पुण्यात 'अस्सल खानदेशी' अशी पाटी दिसली की मी आत जातो. शेवभाजी असते, भरीत असतं, तांबडी तर्री असते. खिचडी मागितली की पोऱ्या संशयानं बघतो. "बरं नाही का, काका?"

माझी मुलगी आता बंगलोरला असते. रात्री आठ-साडेआठला कचेरीतून येते. म्हणजे कापूस नसला तरी वेचणी आहेच. परवा तिनं फोनवर कृती विचारली. मी म्हटलं, मावशीलाच विचारू आणि एकदाची लिहून काढू. मावशी आता नव्वदीला टेकली आहे. मी कागद-पेन्सिल घेऊन फोन लावला.

"मावशी, तांदूळ किती घ्यायचे?"

"माणसं किती?"

"एकटीच आहे ती."

"एकटीसाठी खिचडी?" मावशी घोटाळली. "एकटीची नाही होत रे. दोघांची कर म्हणावं, कुणी ना कुणी येतं."

"बरं, पाणी किती?"

"बोट बुडवायचं."

"कितव्या पेरापर्यंत?"

"पोरीचं बोट केवढंय आता, मला काय माहीत! इकडे पाठव तिला."

एवढी माहिती मी कागदावर उतरवून घेतली. विषय निघालाच होता म्हणून मग मावशीला दिल्लीची हकिकत सांगितली. २०१७ च्या नोव्हेंबरात दिल्लीत खाद्यपदार्थांचा मोठा मेळा भरला होता. संजीव कपूर आणि मोठमोठे आचारी जमले आणि एका अजस्र कढईत त्यांनी ९१८ किलो खिचडी शिजवली. गिनीज बुकात नोंद झाली, वर्तमानपत्रांतून फोटो आले. मावशीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तिला अभिमान वाटेल.

"नऊशे किलो?" ती म्हणाली. "मग पापड कुणी भाजले?"